सीटी स्कॅनवर गालाच्या हाडांची सममिती मोजताना

टेबलावर झोपलेल्या माणसाचे डोके अवघ्या एका अंशाने वळलेले असले, तर मध्यरेषेपासून ६५ मिमी अंतरावरचा गालाच्या हाडाचा बिंदू एका बाजूला १.१ मिमी पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच मागे जातो. हाडात काहीही फरक नसताना कागदावर सव्वादोन मिमीचा फरक येतो. निरोगी माणसाच्या दोन गालांतला खरा फरक साधारण याच पट्ट्यातला, एक-दोन मिमीचा असतो. म्हणून या कामात मेहनत गाल मोजण्यावर कमी आणि ज्याच्या आधाराने मोजायचे ते मधले प्रतल, म्हणजे डोक्याचे डावे-उजवे दोन भाग करणारी काल्पनिक सपाटी, बसवण्यावर जास्त लागते. प्रतल पक्के झाले आणि आपल्या हाताची चूक किती ते कळले, की उरलेले काम दहा मिनिटांचे आहे.

नागपुरात ही गरज वेगवेगळ्या दारांनी येते. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत दुचाकीच्या अपघातात गाल बसलेले रुग्ण येतात, ते विदर्भातलेच नव्हे तर छिंदवाडा-बालाघाटकडचेही. २०२१ च्या म्युकरमायकोसिसमध्ये (काळ्या बुरशीत) ज्यांचा वरचा जबडा आणि गालाचा भाग काढावा लागला, त्यांचे इम्प्लांट चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन आखले जाते. आणि थिसीससाठी विषय शोधणाऱ्या निवासी डॉक्टरांना हा विषय सोयीचा वाटतो, कारण स्कॅन आधीच झालेले असतात. पुढचे टिपण या सगळ्यांना आणि सीटी तंत्रज्ञांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. केवळ 'माझे दोन गाल सारखे आहेत का' हे पाहण्यासाठी कुणाचाही सीटी काढू नये. डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट मात्रा जाते. निसर्गातून वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी मात्रा सुमारे २.४ आहे, यावरून अंदाज घ्या. सेल्फीत गाल वाकडा दिसतो म्हणून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवा, त्याच्या मागे उभे राहा, दोन्ही तर्जन्या दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर टेकवा आणि वरून खाली पाहा. मग समोर येऊन मान मागे टाकायला सांगून खालून वर पाहा. हाडाचा ठळक फरक एवढ्यात कळतो. जवळून काढलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याकडे वळलेली बाजू मोठी दिसतेच.

स्कॅन चालेल का, हे आधी ठरवा

रुग्णाच्या हातातल्या सीडीवर बहुतेक वेळा ३ ते ५ मिमीचे स्लाइस असतात. ते निदानाला पुरतात, मोजमापाला नाही. गालापासून कानाकडे जाणाऱ्या कमानीचे हाड पातळ आणि वक्र असल्याने जाड स्लाइसमध्ये त्याच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. हवे ते असे: स्लाइसची जाडी ०.६ ते १ मिमी, दोन स्लाइसमधले अंतर जाडीच्या निम्म्याच्या आसपास, गँट्री (मशीनचे कडे) सरळ, आणि दृश्यक्षेत्र २०० ते २२० मिमी. ५१२ बाय ५१२ च्या मॅट्रिक्समध्ये २०० मिमीला एक पिक्सेल ०.३९ मिमीचा पडतो. पातळ स्लाइस स्कॅनरच्या कच्च्या डेटातून नंतरही बनवता येतात, पण तो डेटा मशीनवर थोडेच दिवस राहतो. रुग्ण बाहेर पडल्याबरोबर तंत्रज्ञाला सांगून ठेवा. पुढच्या आठवड्यात मागितलात तर बहुधा मिळणार नाही.

डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या फाइलच्या, टॅगमध्ये हे सगळे तपासता येते. स्लाइसची जाडी ००१८,००५० मध्ये, पिक्सेलचे अंतर ००२८,००३० मध्ये, गँट्रीचा कल ००१८,११२० मध्ये आणि कर्नल (प्रतिमा तीक्ष्ण की मऊ हे ठरवणारी गाळणी) ००१८,१२१० मध्ये असतो. डोक्याच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये गँट्री कललेली असते. सॉफ्टवेअरने ती दुरुस्त केली नाही तर सगळी कवटी तिरकी घसरते, आणि ते डोळ्यांना पटकन दिसतही नाही.

सायनसचे स्कॅन भरपूर उपलब्ध असतात म्हणून थिसीससाठी तेच उचलले जातात. त्यात दोन अडचणी येतात. दृश्यक्षेत्र लहान घेतल्यामुळे कमानीची बाहेरची कड आणि कानाचे छिद्र कापले जाते. खालून स्कॅन लवकर थांबवला असेल तर कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राची पुढची कड, म्हणजे बेसिऑन, येत नाही. दोन्ही कानांची छिद्रे आणि बेसिऑन दिसत नसेल तो स्कॅन बाजूला ठेवा. अर्धवट स्कॅनमधून प्रतल 'अंदाजे' काढण्याचा मोह आवरायला हवा.

नवीन स्कॅन काढताना दागिने काढून ठेवायला सांगा. कानातल्या कुड्या आणि बुगड्या नेमक्या त्या पट्ट्यात येतात जिथे कानाच्या छिद्राची वरची कड शोधायची असते, आणि धातूच्या रेघा तीच कड झाकून टाकतात. नाकातली मोरणी गालाच्या पुढच्या पृष्ठभागावर रेघा ओढते. वयस्कर बायकांची मोरणी निघत नसते. तसे असेल तर नोंद करा आणि त्या बाजूचे पुढचे बिंदू गाळा. दातांतली चांदी आणि कॅप मात्र बहुधा गालाच्या हाडाच्या खालच्या पातळीत राहतात. हनुवटी फार खाली-वर झालेली असेल तेव्हाच त्यांच्या रेघा वर पोहोचतात.

कर्नल एकच ठेवा. बोन कर्नलमध्ये कडा तीक्ष्ण दिसतात, पण दाणेदारपणा वाढतो आणि कडेजवळची मूल्ये फुगतात. मऊ कर्नलमध्ये पातळ हाड विरघळते. कोणताही निवडा, पण निम्मे रुग्ण एकात आणि निम्मे दुसऱ्यात असे नको. दंतविभागातला सीबीसीटी (कोन बीम सीटी) वापरणार असाल तर त्यातली राखाडी मूल्ये खऱ्या हाउन्सफील्ड एककांत, म्हणजे सीटीवरच्या घनतेच्या मापात, नसतात हे लक्षात ठेवा. सीटीवरची हाडाची सीमा तिथे जशीच्या तशी चालत नाही. आणि बऱ्याच सीबीसीटीत दृश्यक्षेत्र दातांपुरतेच असते.

थिसीससाठी जुने स्कॅन वापरताना एथिक्स समितीची परवानगी लागतेच. नाव काढून टाकले म्हणजे झाले असे मात्र नाही. पातळ स्लाइसमधून त्वचेचा पृष्ठभाग बनवला की माणूस ओळखू येतो. छापायला फक्त हाडाची प्रतिमा द्या.

मधले प्रतल

गालाच्या हाडाला, म्हणजे झायगोमाला, चार शेजारी आहेत: कपाळाचे हाड, वरचा जबडा, कानशिलाचे हाड आणि आतल्या बाजूला स्फेनॉइड. (त्याच्या फ्रॅक्चरला अजूनही 'ट्रायपॉड' म्हणतात ते चूकच आहे, सांधे तीन नाहीत, चार आहेत.) या चारही ठिकाणी हाड हलू शकते, म्हणून प्रतल काढण्यासाठी झायगोमाचा आणि त्याच्या लगतच्या भागाचा आधार घेऊ नये. आधार कवटीच्या तळाचा आणि मधल्या रेषेचा घ्या.

रोजच्या कामाला पुरणारी पद्धत अशी. 'थ्रीडी स्लायसर' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ८ जीबी रॅममध्ये चालते, १६ असली तर हात अडत नाही. डायकॉम मॉड्यूलमधून पातळ स्लाइसची मालिका लोड करा. विंडो २५०० आणि लेव्हल ५०० च्या आसपास ठेवा. मार्कअप्समध्ये चार बिंदू टाका: नेझिऑन, म्हणजे नाकाची दोन हाडे कपाळाच्या हाडाला भेटतात तिथला मध्य, बेसिऑन, आणि दोन्ही पोरिऑन, म्हणजे कानाच्या हाडातल्या छिद्राची सर्वांत वरची कड. डावा ऑर्बिटाले, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू, हा पाचवा. दोन पोरिऑन आणि डावा ऑर्बिटाले यांतून जाणारे आडवे प्रतल म्हणजे फ्रँकफर्ट प्रतल. कवट्या मोजणाऱ्यांनी ते १८८४ च्या करारात ठरवले आणि आजही तेच चालते.

आता ट्रान्सफॉर्म मॉड्यूलमध्ये नवीन ट्रान्सफॉर्म बनवा, स्कॅन आणि बिंदू दोन्ही त्याखाली आणा. उभ्या अक्षाभोवती डोके फिरवा, नेझिऑन आणि बेसिऑनचे डावे-उजवे मूल्य एकच होईपर्यंत. मग पुढच्या-मागच्या अक्षाभोवती कलवा, दोन्ही पोरिऑनची उंची सारखी होईपर्यंत. एक जुळवले की दुसरे थोडे हलते, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. शेवटी सगळे आडवे सरकवून नेझिऑनचे मूल्य शून्यावर आणा. नेझिऑन आणि बेसिऑन दोन्ही शून्यापासून ०.३ मिमीच्या आत आले की थांबा आणि ट्रान्सफॉर्म 'हार्डन', म्हणजे कायम, करा. आता प्रत्येक बिंदूचा पहिला आकडा म्हणजे मध्यप्रतलापासूनचे अंतर.

मान खाली-वर झुकण्याबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या अक्षाभोवतीच्या कलाबद्दल, लोक उगाच जास्त काळजी करतात. त्या कलाने दोन्ही गाल सारखेच हलतात, त्यामुळे पुढे ज्या एकत्रित आकड्याची गोष्ट आहे तो बदलत नाही. घात होतो तो डोके वळण्याने आणि बाजूला कलण्याने. प्रौढांत नेझिऑन ते बेसिऑन हे अंतर सुमारे १०० मिमी असते. त्यातला एक बिंदू १ मिमीने बाजूला पडला तर प्रतल अर्ध्या अंशापेक्षा थोडे जास्त फिरते आणि गालांच्या पुढे-मागे असण्यात सुमारे १.३ मिमीचा खोटा फरक येतो. म्हणून मधले बिंदू एकमेकांपासून जितके लांब तितके चांगले. नाकाच्या तळाचा पुढचा काटा, एएनएस, घेऊ नका. तो नाकाच्या पडद्याबरोबर बाजूला झुकलेला असतो आणि नेझिऑनच्या फार जवळही आहे.

पोरिऑनही नेहमी विश्वासाचे नसतात. लहानपणी डोके एका बाजूने चपटे राहिले असेल, मान जन्मतः वाकडी असेल, तर कानच पुढे-मागे किंवा वर-खाली सरकलेले असतात. दोन पोरिऑनच्या उंचीत खरोखरच १ मिमीचा फरक असेल आणि तुम्ही तो सक्तीने शून्य केलात, तर तो फरक गालांवर जाऊन बसतो. शंका आली की तळातली जोडीची छिद्रे, फोरामेन ओव्हेल किंवा रोटंडम, घेऊन कल पुन्हा काढून पाहा.

खात्रीचा उपाय खर्चिक नाही. प्रतल दोन पद्धतींनी काढा, एकदा वरील बिंदूंनी आणि एकदा पुढे सांगितलेल्या आरसा पद्धतीने, आणि दोन्हींवर गाल मोजा. प्रतल बदलल्यावर फरकाचे चिन्ह उलटत असेल, कधी उजवा मोठा तर कधी डावा, तर तो फरक हाडाचा नाही. तिथे 'सममित' असेच लिहावे.

बिंदू ठेवणे

गालाच्या हाडावर टोकदार जागा फार कमी आहेत; बहुतेक भाग गोलसर आहे. त्यामुळे बिंदू कुठे घसरतो हे आधी समजून घ्यावे लागते. नियम असा: जो बिंदू एखाद्या दिशेतले टोक म्हणून ठरवलेला असतो, त्याचे त्याच दिशेतले मूल्य टिकाऊ असते, उरलेली दोन नाहीत.

झायगिऑन घ्या. कमानीचा सर्वांत बाहेरचा बिंदू. कमान तिथे जवळजवळ सपाट असते, म्हणून तोच बिंदू तुम्ही आज ३ मिमी पुढे ठेवाल आणि उद्या ३ मिमी मागे, पण बाहेरच्या दिशेचे मूल्य क्वचितच बदलेल. झायगिऑनचा फक्त बाहेरचा आकडा वापरा. ऑर्बिटालेची उंची विश्वासाची, बाजूचे अंतर नाही. गालाचा सर्वांत उठावदार बिंदू, ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो, तो सर्वांत कमी विश्वासाचा, कारण डोके जरा वळले की 'सर्वांत उठावदार' जागाच बदलते. तो हवाच असेल तर डोके प्रतलावर बसवल्यानंतरच ठेवा, आधी नाही.

तिन्ही दिशांत टिकणारे बिंदू म्हणजे कडा किंवा सांधे जिथे एकमेकांना छेदतात ते. फ्रंटोमलारे ऑर्बिटाले, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेला कपाळाचे हाड आणि झायगोमा यांचा सांधा जिथे भेटतो ती जागा, हा त्यातला उत्तम. जुगाले, म्हणजे हाडाचा वर जाणारा आणि मागे जाणारा फाटा यांच्यामधल्या खाचेतला सर्वांत खोल बिंदू, हाही चांगला. झायगोमॅक्सिलेअर, म्हणजे वरच्या जबड्याशी असलेल्या सांध्याचे खालचे टोक, कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या) स्लाइसवर शोधावा. थ्रीडी प्रतिमेवर तो सांधा बहुधा दिसतच नाही आणि लोक अंदाजाने टिचकी मारतात.

प्रत्येक बिंदू आधी थ्रीडीवर ढोबळ ठेवा, मग तिन्ही स्लाइसवर मोठे करून जागेवर आणा. फक्त थ्रीडीवर ठेवलेला बिंदू कित्येकदा हाडापासून हवेत तरंगत असतो, आणि हे स्लाइसवर गेल्याशिवाय कळत नाही. नावे पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवा: 'झाय-उ', 'झाय-डा' वगैरे. स्क्रीनच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही बाजू उलट होतात, विशेषतः एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना. स्लायसरमध्ये उजवीकडची आणि पुढची दिशा धन धरतात, डायकॉममध्ये डावीकडची आणि मागची. म्हणजे पहिल्या दोन आकड्यांची चिन्हे उलटतात. सुरुवातीला नाकाचा पडदा कोणत्या बाजूला झुकला आहे ते मूळ स्कॅनवर पाहून लिहून ठेवा. शेवटच्या प्रतिमेत तो त्याच बाजूला असला पाहिजे.

आकडेमोड साधी आहे. उदाहरणापुरते धरा: झायगिऑनचे मध्यप्रतलापासूनचे अंतर उजवीकडे ६४.८ आणि डावीकडे ६३.१ मिमी. फरक १.७ मिमी, सरासरी ६३.९५ ने भागून शंभराने गुणले की २.७ टक्के. एकाच बिंदूचा तिन्ही दिशांतला फरक एका आकड्यात हवा असेल तर तिन्ही फरकांचे वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ घ्या. जुगालेसाठी फरक १.७, ०.९ आणि उणे ०.६ आले तर २.८९ + ०.८१ + ०.३६ = ४.०६, वर्गमूळ सुमारे २ मिमी. हा आकडा कधीच उणा येत नाही, त्यामुळे कोणती बाजू पुढे हे त्यातून कळत नाही. शिवाय निव्वळ हाताच्या चुकांमुळेही तो शून्याच्या वरच राहतो. म्हणून दिशांचे मूळ फरक, चिन्हासकट, सोबत द्या. गटाची सरासरी काढताना चिन्हासकटची सरासरी शून्याजवळ आणि चिन्हाविना दीड मिमी असे आले, तर अर्थ एवढाच की काहींचा उजवा मोठा, काहींचा डावा.

आरसा पद्धत

बिंदूंऐवजी सबंध पृष्ठभाग पाहायचा असेल, किंवा इम्प्लांट आखायचे असेल, तर ही पद्धत. सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे हाड कुठून धरायचे ती सीमा, लावा. सीटीवर २२६ हाउन्सफील्डपासून वरचे हाड ही प्रचलित सुरुवात आहे. सीमा थोडी वर-खाली झाली तर दोन्ही बाजू सारख्याच जाड-बारीक होतात, त्यामुळे फरकावर परिणाम कमी. अपवाद पातळ हाडाचा. सायनसची पुढची भिंत कुठे दिसते, कुठे भोक पडते, आणि ती भोके दोन्ही बाजूंना वेगळी असतात. तो भाग तुलनेतून कापून टाका. गुळगुळीत करण्याचा मोह इथे महागात पडतो. स्लायसरमधल्या मीडियन स्मूदिंगचा मूळचा कर्नल ३ मिमीचा आहे, आणि कमानीचा पातळ भाग त्यात अक्षरशः झिजतो. तो वापरूच नका; दाखवण्यासाठीच्या पृष्ठभागाचे स्मूदिंगही कमी करा.

सर्वांत मोठा तुकडा ठेवून बाकीचे काढा, मानेचे मणके आणि खालचा जबडा कात्रीने कापा. आधीच प्रतलावर बसवलेल्या मॉडेलची प्रत घ्या, ट्रान्सफॉर्मच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्या ओळीतला पहिला आकडा उणे एक करा, हार्डन करा. झाली आरशातली कवटी. आता ती मूळ कवटीवर बसवायची. हे काम आयसीपी नावाची पद्धत करते, १९९२ पासून चालत आलेली: प्रत्येक बिंदूचा जवळचा शेजारी शोधायचा, अंतर कमी होईल असे सरकवायचे, पुन्हा शोधायचे. स्लायसरआयजीटी या एक्स्टेन्शनमध्ये ती आहे.

इथे निर्णय तुमचा आहे: कशावर बसवायचे? सबंध चेहऱ्यावर बसवलेत तर आयसीपी गालातला फरक सगळ्या चेहऱ्यावर वाटून टाकते. खचलेला गाल जेवढा खचला त्याहून कमी दिसतो आणि चांगल्या कपाळावर फरक उगवतो. म्हणून बसवताना फक्त कपाळ, भुवईचा कठडा आणि कवटीचा तळ द्या, गाल देऊ नका. नंतर गालाच्या भागावर अंतराचा रंगीत नकाशा काढा, उणे २ ते अधिक २ मिमी. काही सॉफ्टवेअरमध्ये आरसा केल्यावर त्रिकोणांच्या दिशा उलटतात आणि अधिकचे उणे होते. एका ठिकाणी हाताने मोजून रंग बरोबर आहे का ते पाहा.

नकाशा सुंदर दिसतो, पण तो एक गोष्ट लपवतो. तो प्रत्येक जागी जवळात जवळचा पृष्ठभाग शोधतो, जोडीची जागा नाही. गाल पृष्ठभागाच्या दिशेनेच घसरला असेल, म्हणजे आत न जाता नुसता खाली आला असेल, तर नकाशा बराचसा हिरवाच, म्हणजे शून्याजवळचा, राहतो. त्यामुळे नकाशाबरोबर तीन-चार बिंदूंचे फरकही द्यायला हवेत.

अपघाताच्या रुग्णात आरसा वापरण्याआधी एक चाचणी करा. मोडलेला भाग सोडून कपाळ आणि डोळ्यांच्या खोबणीचे छत आरशाशी किती जुळते ते पाहा. तिथेच १ मिमीच्या वर तफावत असेल तर तो माणूस मुळातच असमान होता, आणि चांगल्या गालाची नक्कल दुसऱ्या बाजूला बसवली तर त्याला नवीन चेहरा मिळेल, जुना नाही. अशा वेळी लग्नातले किंवा ओळखपत्रावरचे जुने फोटो मागवा. शस्त्रक्रियेत हाड बरोबर बसले का, याची सर्वांत भरवशाची खूण डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत स्फेनॉइडशी असलेला सांधा जुळणे ही आहे. अ‍ॅक्सियल (आडव्या) स्लाइसवर ती रेषा सरळ झाली पाहिजे. नंतरच्या स्कॅनमध्ये २ मिमीच्या आतला फरक बहुतेक जण स्वीकारतात. डोळा आत गेलेला दिसू लागतो तोही साधारण २ मिमीच्या पुढेच.

हाताची चूक

तीस स्कॅन घ्या. एकाच माणसाने दोन आठवड्यांच्या अंतराने, पहिले आकडे न पाहता, पुन्हा मोजा. दुसऱ्या माणसाकडूनही एकदा मोजून घ्या. 'पुन्हा' म्हणजे प्रतलापासून पुन्हा. बसवून ठेवलेल्या प्रतलावर फक्त बिंदू पुन्हा ठेवले तर चूक खोटी लहान येते, आणि परीक्षक नेमके तेच विचारतात. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करा, बेरीज करा, जोड्यांच्या दुपटीने भागा, वर्गमूळ घ्या. ही डालबर्गची चूक. ती ०.४ मिमी आली तर उजवे वजा डावे यात ती सुमारे ०.५७ होते आणि ९५ टक्के खात्रीची सीमा १.१ मिमीवर जाते. म्हणजे एकाच रुग्णात १.१ मिमीपेक्षा कमी फरकाला फरक म्हणू नये. आयसीसी (दोन मोजण्या किती जुळतात त्याचा गुणांक) ०.९५ आला म्हणून खूष होऊन ही सीमा न लिहिणे ही थिसीसमधली नेहमीची त्रुटी आहे. आयसीसी माणसामाणसांतल्या मोठ्या फरकामुळे वाढतो, एकाच माणसाच्या दोन गालांबद्दल तो फारसे सांगत नाही.

उजव्या हाताने माउस चालवणारा माणूस दोन बाजूंचे बिंदू नकळत थोडे वेगळे ठेवतो. पकडायचे कसे? निम्मे स्कॅन आरशासारखे उलटवून, कोणते उलटे ते न सांगता, मोजायला द्या. 'उजवा मोठा' हा निष्कर्ष उलटवलेल्या स्कॅनमध्येही स्क्रीनच्या त्याच बाजूला येत राहिला, तर तो मोजणाऱ्याचा आहे.

शून्य आले म्हणजे निरोगी नव्हे

विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण दोन्ही दिसतात. थॅलेसेमियात मज्जा वाढून वरचा जबडा आणि गाल दोन्हीकडे फुगतात. फरक मोजला तर शून्याजवळ. ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये दोन्ही झायगोमा अविकसित किंवा गायब, फरक तरीही लहान. 'सामान्य' गट निवडताना असे रुग्ण, तसेच फायब्रस डिस्प्लेशिया (हाडाच्या जागी तंतुमय ऊतक वाढणे), जुने फ्रॅक्चर, फाटलेला टाळू आणि वाढीचे वय वगळा. सायलेंट सायनसचा रुग्ण विसरू नका: सायनस बंद पडून आत ओढला जातो, डोळ्याचा तळ खाली येतो, आणि रुग्णाला त्याची खबरही नसते.

सीटी नसेल तिथे वॉटर्स व्ह्यूचा, म्हणजे हनुवटी वर करून काढलेला, एक्स-रे. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंतची रेषा फिल्मशी ३७ अंशांचा कोन करते. आधी दोन्ही बाजूंना खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून कवटीच्या कडेपर्यंतचे अंतर सारखे आहे का बघा. नसेल तर डोके वळलेले आहे आणि पुढचे पाहण्यात अर्थ नाही. मग डोलानच्या रेषा, म्हणजे खोबणी, गालाचे हाड आणि जबडा यांच्या कडांवरून जाणाऱ्या तीन रेषा, पेन्सिलीने काढा. गालाच्या हाडाची आणि जबड्याची रेषा मिळून हत्तीचे डोके आणि सोंड दिसते. दोन हत्ती सारखे हवेत. फक्त कमानीसाठी हनुवटीखालून डोक्याच्या माथ्याकडे जाणारा, सबमेंटोव्हर्टेक्स व्ह्यू चांगला, पण मानेला इजा असेल तर तो काढू नये. एक्स-रेवर मिमीत फरक लिहू नका. फिल्मपासूनच्या अंतरानुसार प्रतिमा मोठी होते. 'सारखे' किंवा 'सारखे नाही' एवढेच.

रिपोर्टमध्ये नुसता आकडा लिहू नये. स्लाइसची जाडी, कर्नल, कोणत्या बिंदूंवर प्रतल बसवले, फरक कोणत्या बाजूने कोणत्या दिशेत, आणि तुमच्या विभागाची चुकीची सीमा, हे पाचही त्यात हवे: 'स्लाइस ०.६ मिमी, बोन कर्नल. प्रतल नेझिऑन-बेसिऑन व दोन्ही पोरिऑनवर. उजवे जुगाले डाव्याच्या तुलनेत १.७ मिमी बाहेर, ०.९ मिमी पुढे, ०.६ मिमी खाली. मोजमापाची सीमा १.१ मिमी, त्यामुळे फक्त बाहेरच्या दिशेतला फरक ग्राह्य.'